नाकेदार वाघ कोणत्या पानावर आहे?

ईरा आणि निहार,

हे मी परवापरवापर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तुमच्या आजोबांनाही नाही — आणि त्यांना मी सगळं सांगत असे, त्यांना नको असलेलंसुद्धा. त्यांचा हिरवा सफारी सूट हरवला नव्हता, मीच तो भांडेवालीला देऊन पातेलं घेतलं होतं, हेही मी त्यांना उशिरा का होईना सांगून टाकलं. ते चार दिवस बोलले नाहीत, मग त्याच पातेल्यातली खीर दोनदा मागून घेतली. पण हे नाही सांगितलं. साठ वर्षं उलटून गेली. नाहीच सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, आजी आणि लपवणार? जिच्या डब्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर तारखा, आणि जी फ्रीजमधल्या वाट्यांचीसुद्धा हजेरी घेते, ती? होय, तीच. मला वाटतं, ज्यांच्या घरात एक गोष्ट चुकीच्या जागी ठेवलेली असते ना, तीच माणसं बाकी सगळं इतकं जागच्या जागी ठेवतात.

हे पत्र तुमची आई वाचून दाखवेल. अश्विनी, मध्ये थांबून त्यांना समजावू नकोस. आणि रडूही नकोस, कारण यात रडण्यासारखं फार थोडं आहे. हसण्यासारखं बरंच आहे — तीच तर अडचण आहे.

सुरुवात कुठून करू? तुमच्यापासूनच करते.

तुम्ही लहान असल्यापासून मी तुम्हाला रोज व्हिडिओ कॉलवर एक तुकडा सांगत आले — सायाळबाई, गिरणीवालं अस्वल, नावाडी मुंगूस, आणि रुसून माहेरी गेलेली नदी. तुमच्याकडे झोपायची वेळ, माझ्याकडे सकाळचा आठचा चहा. निहार, तू अस्वलासाठी पांघरुणात जागा ठेवायचास. ईरा, तू विचारायचीस, आजी हे कुठून आलं? आणि मी म्हणायचे — एका इंग्रजी पुस्तकातून. मी तुझ्याएवढी असताना वाचलं होतं. माझं पहिलं इंग्रजी पुस्तक. पांढरकवड्यात ते वाचू शकणारी मी एकटी मुलगी होते.

किती वेळा म्हटलं असेन मी हे? तुमच्या आईला म्हटलं. मी शिकवलेल्या मुलांना म्हटलं — तीस वर्षांतल्या प्रत्येक वर्गाला, पहिल्याच दिवशी. निवृत्तीच्या समारंभात तर माईकवरून म्हटलं.

आणि मग मागच्या महिन्यात तुम्ही दोघांनी ते पुस्तक शोधून काढलंत.

मला वाटलं होतं, ते कुणालाच सापडणार नाही. माझ्या प्रतीला कव्हर नव्हतं, पहिली पानं वाळवीनं खाल्ली होती, नाव मलाही ठाऊक नव्हतं. पण ईराबाईंनी आपल्या शाळेतल्या ग्रंथपालबाईंना नुसतं चित्र सांगितलं — झाडाच्या पोकळ खोडात टेबल, टेबलाभोवती कोट घातलेले प्राणी, एकाच्या पाठीवर काटे, एकाच्या तोंडावर पांढरे पट्टे — आणि त्या बाईंनी दोन दिवसांत पुस्तक हातात ठेवलं. तुम्ही ते वाचून काढलंत. पूर्ण. आणि त्या सकाळी निहार मोबाईलमध्ये नाक घालून म्हणाला, "आजी, नाकेदार वाघ कोणत्या पानावर आहे?"

माझा चहा बशीत सांडला.

मी काय म्हणाले आठवतं? म्हणाले, "तुमची प्रत छोटी केलेली असेल, राजा. आमच्या वेळी मोठी असायची." सत्तरी उलटलेली बाई. डोळ्यांत डोळे घालून. आणि ईरा, तू शांतपणे पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलंस आणि म्हणालीस, "आजी, इथं लिहिलंय — संपूर्ण."

मग मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. नेटवर्क उत्तम होतं.

तर निहार, तुझं उत्तर. नाकेदार वाघ कोणत्याही पानावर नाही. नदीही नाही, गिरणीही नाही. कारण ते पुस्तक मी वाचलंच नव्हतं. मला ते वाचता येत नव्हतं.

हे झालं अर्धं. सोपं अर्धं. दुसऱ्याकडे मी जरा वळसा घेऊन जाणार आहे, मला घेऊ द्या.

तुमचे पणजोबा जंगल खात्यात कारकून होते. विश्रामगृहाची साफसफाई निघाली, तेव्हा साहेबलोकांच्या काळातली पुस्तकांची एक पेटी बाहेर आली. बाकीची वाळवीनं संपवली होती. हे एक उरलं होतं, ते बाबा घरी घेऊन आले. पाचवीत आमचं इंग्रजी नुकतं सुरू झालेलं — कॅट, रॅट आणि मॅट, एवढीच माझी दौलत. पण बाबा येईल-जाईल त्याला सांगू लागले, "आमची सुधा इंग्रजी कादंबरी वाचते." का सांगू लागले? हौस, दुसरं काय. मी पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे ते चित्रं बघायला. त्यांना वाटायचं, वाचते. मी "नाही" म्हणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा इतका फुलायचा —

नाही. चेहऱ्याचं नाव पुढे करायचं नाही. मलाही आवडायचं.

मग मे महिना आला. आमच्याकडे मे म्हणजे तेंदूपत्ता — ज्याच्या विड्या वळतात ते पान. बायामुली पहाटे जंगलात जाऊन पानं तोडून आणत आणि दुपारभर सावलीत बसून त्यांचे पुडे बांधत. एका पुड्यात सत्तर पानं, वर झाडाच्या सालीची दोरी. आमच्या अंगणात मोठा कडुनिंब होता आणि विहीर होती, म्हणून गावाबाहेरच्या तांड्यावरच्या बाया आमच्याकडेच बसायच्या. त्यांत जमनी होती. माझ्याच वर्गात होती ती. तांड्यावरून शाळेत येणारी एकटी मुलगी. हडकुळी, काळीभोर, आणि हसायला लागली की थांबायचीच नाही. तिच्या हातांचा वेग असा की तिचे चार पुडे होत तेव्हा माझा एक व्हायचा, तोही सैल.

दुपारी हात चालत, पण जीव कंटाळत असे. मी एकदा म्हटलं, गोष्ट सांगू? तशी जमनीची याडी — याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई — एकदम ओरडली. "दिवसा गोष्ट? नाही बाप्पा! दिवसा गोष्ट सांगतली तं मामा वाट चुकते!"

तुम्ही हसाल, पण आमच्याकडे हे सगळे मानत. उन्हं असताना गोष्ट सांगितली की मुलांचा मामा रस्ता चुकतो. आणि जमनीचा दलूमामा तर ट्रक चालवायचा, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर. याडीचा एकुलता एक भाऊ. तिला हे कसं चालणार?

तेव्हा मी घरात गेले आणि पुस्तक घेऊन आले. म्हटलं, मी सांगणार नाही, वाचणार आहे. इंग्रजीतून वाचून मराठीत. याला गोष्ट सांगणं म्हणत नाहीत, याला अभ्यास म्हणतात.

याडीनं पुस्तक हातात घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. कोट घातलेल्या प्राण्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "अभ्यास असन तं कर. अभ्यासानं कोणाचा मामा चुकत नाही."

अशी मी वाचू लागले.

काय सांगू तुम्हाला, माझ्या आयुष्यात तसा महिना पुन्हा आला नाही! मी पुस्तकात बघायचे आणि तोंडातून काय येईल ते मलाच ठाऊक नसायचं. काटेवाला प्राणी — आमच्या जंगलात काटे सायाळीला, म्हणून सायाळबाई. तोंडावर पांढरे पट्टे असलेला तो प्राणी मी जन्मात पाहिला नव्हता. म्हणून मी ठरवलं, हे आपलं अस्वल, पण पिठाच्या गिरणीत कामाला आहे, त्यामुळे तोंडाला पीठ लागलंय. होडीतला लांबोडका म्हणजे मुंगूस. पण मे महिन्यात होडी चालवायला पाणी कुठलं? तर मग नदीच रुसून माहेरी गेलेली. नवऱ्यानं पाण्याचा हिशेब विचारला, म्हणून. आणि हे तिघं तिला समजावून आणायला निघाले. वाटेत जंगलाच्या नाक्यावर वाघ. नाकेदार वाघ! खाकी टोपी, कानावर पेन्सिल. "परवाना दाखवा, नाही तर खातो." बाबांच्या कचेरीत परवान्यांवरून जेवढी भांडणं मी ऐकली होती, ती सगळी त्या वाघाच्या तोंडी घातली. अस्वलानं त्याला मोहाचा लाडू दिला. वाघानं तो खाऊन पावती फाडली — "लाडू एक, मिळाला" — आणि कडुनिंबाखाली बाया अशा हसल्या की एकीचा पदर विहिरीत पडता पडता राहिला.

त्या दिवशीचे पुडे फळीवर, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या जागी गेले, तेव्हा मुनीम कपाळ बडवत परत आला. एकात सहासष्ट पानं, एकात चौऱ्याहत्तर. एकात तर एक्याण्णव. "झोपीत बांधले काय वं?" त्यानं विचारलं. याडी त्याला ठसक्यात म्हणाली, "झोपीत कायले? अभ्यासात बांधले."

आणि एका आठवड्यात दलूमामा ठरल्या दिवशी आला नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन. याडी सारखी रस्त्याकडे बघायची. मीही तिच्यामागे जाऊन रस्ता बघून यायचे. कारण मला एकटीलाच ठाऊक होतं ना — हा अभ्यास नाही, ही गोष्टच आहे! चौथ्या दिवशी मामा ट्रकभर टरबुजं घेऊन उतरला आणि म्हणाला, "काय सांगू, आदिलाबादच्या अलीकडं रस्ताच चुकलो." मला तिथंच हुडहुडी भरली. दोन दिवस तापात होते. जमनी मात्र पानांच्या ढिगात तोंड खुपसून हसत होती. का हसतेय, ते मला तेव्हा कळलं नाही.

इथवर कसं छान आहे, नाही? इथंच थांबता आलं असतं तर! मुलीनं दोन-चार थापा मारल्या, बायांचा महिना बरा गेला. एवढ्याचा कबुलीजबाब कुणी देतं का?

आता दुसरं अर्धं.

दिवाळीनंतर शाळेत दिपोटी आले. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना तेव्हा दिपोटी म्हणत. ते येणार म्हटलं की गुरुजींच्या तोंडचं पाणी पळायचं. गुरुजींना आमच्या वर्गात दाखवण्यासारखं काही सापडेना, तेव्हा त्यांनी मला पुढे केलं. "साहेब, ही मुलगी इंग्रजी कादंबरी वाचते." साहेबांच्या भुवया वर गेल्या. पुस्तक माझ्या दप्तरात होतंच, ते मागून घेतलं, चाळलं आणि खूश होऊन म्हणाले, "अरे, हे तर मी लहानपणी वाचलंय! सांग पाहू, काय आहे यात?"

मी उभी राहिले. आणि उभीच राहिले.

कारण त्यांनी ते वाचलं होतं. जगात ते पुस्तक वाचलेला पहिला माणूस माझ्यासमोर उभा होता. मी तोंड उघडलं की संपलं. माझे पाय लटपटत होते.  गुरुजी घाम पुसत होते.

तेव्हा मागून आवाज आला. "साहेब, मले येते. मी सांगू?"

जमनी. ती उभी राहिली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली सांगत होती ती. अस्वलासारखी चालून दाखवत होती, सायाळीसारखी काटे फुलवत होती. पोरं बाकांवर लोळू लागली. साहेबसुद्धा थोडा वेळ हसले. मग नाकेदार वाघ आला, त्यानं परवाना मागितला, आणि साहेबांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी पुन्हा पुस्तक चाळलं. म्हणाले, "यात वाघ नाही. नदीची गोष्टही नाही. हे तुला कुणी सांगितलं?"

 जमनीनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

साहेब माझ्याकडे वळले. "तू वाचलंयस ना हे पुस्तक? ही सांगते ते यात आहे?"

आणि मी म्हणाले, "नाही साहेब. ती मनानंच सांगते."

हे ते वाक्य. पाच-सहा शब्द. किती सोपं होतं म्हणायला! वाक्य वर खरंसुद्धा वाटतं बघा — पुस्तकात ते नव्हतंच. अशी वाक्यं मला लहानपणापासून जमतात.

जमनीला वर्गाबाहेर उभं केलं. कान धरून, शाळा सुटेपर्यंत. साहेब जाताना तिला म्हणाले की खोटं बोलणारी मुलगी पुढे जात नाही. तांड्यावरची मुलगी, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. हेही लिहायला हवं. मी बोलले तेव्हा ते मला ठाऊक होतं, की कुणाला नवल वाटणार नाही. मुलं तिला "लबाड जमनी" म्हणू लागली. आणि मला साहेबांनी एक ओळ वाचायला सांगितली. पाहुण्यांसमोर म्हणायला बाबांनी एक ओळ माझ्याकडून घोकून घेतली होती, तीच मी वाचली. त्यांनी आपल्या खिशातली छोटी डिक्शनरी काढून मला बक्षीस दिली. त्या डिक्शनरीवर मी इंग्रजी शिकले. त्या इंग्रजीवर नोकरी केली. तुमच्या आईला शिकवलं, ती तुमच्या देशात गेली. एका ओळीत मांडलं की असं दिसतं ते.

जमनी पुढच्या वर्षी शाळेत आली नाही. तांड्यावरच्या मुली तशाही टिकत नसत — असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. पण ती टिकली असती की नाही, हे ठरवायला ती शाळेत यायला तर हवी होती ना?

निहारचा प्रश्न आला, त्यानंतर आठ दिवसांनी मी बसनं आर्णीला गेले. जमनी तिथून जवळच्या तांड्यावर असते, हे मला वीस वर्षांपासून माहीत होतं. तिच्या नातवाचं आर्णीत मोबाईलचं दुकान आहे. त्याच्याकडे मी एकदा चार्जर घेतला होता आणि आजीचं नाव ऐकून सुटे पैसे न घेताच बाहेर पडले होते. या खेपेला मी त्याला म्हटलं, मला तुझ्या आजीकडे सोड. त्यानं मला मोटारसायकलवर बसवलं. मोटारसायकलवर मी! तुमच्या आईला कळलं तर ओरडेल. आता कळलंच आहे.

अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं होतं. जमनी खाटेवर बसून कोंबड्या हाकत होती. माझ्याकडे बघून तिनं डोळे बारीक केले. मग म्हणाली, "काय वं सुधे, मेली नाही अजून?"

मी म्हटलं, "तुझी वाट पाहत होते, तू आधी जाशील म्हणून."

ती हसायला लागली. तशीच. थांबेचना. सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं, साखर जास्त घालायला सांगितली, माझे केस अजून असे चापूनचोपून कसे, म्हणून चिडवलं. अर्धा तास मी नुसती ऐकत होते. मग मी सगळा धीर गोळा केला आणि म्हटलं, "जमने, ते पुस्तक मला वाचता येत नव्हतं."

"मग?" ती म्हणाली. "मालूम हाय मले."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. अख्खी दुपार तू बोले, आन् पान काई उलटवे नाही! एकाच चित्रावर नदी माहेरी गेली आन् अर्धी वाट पण झाली."

मला हसू आवरेना, आणि रडूही. मी विचारलं, "मग याडीला सांगितलं का नाहीस? तुझा मामा चुकला ना!"

"मामा? तो तं तसाई चुके. दारू घेतली का त्याले नागपूर कोण्या बाजूनं हाय तेई समजे नाही."

दोघी म्हाताऱ्या खाटेवर एकमेकींचे हात धरून हसत होतो. कोंबड्या सोयाबीन खात होत्या. आणि हसता हसता माझ्या ध्यानात आलं — पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. म्हणजे त्या दिवशी वर्गात ती उभी राहिली, तेव्हाही तिला ठाऊक होतं की पुस्तकात हे काहीच नाही. मी विचारलं, मग उभी का राहिलीस?

ती म्हणाली, "तुहे पाय कापून राह्यले होते."

एवढंच. त्यात राग नव्हता. ती मला तिच्या सुनेच्या गुडघ्यांबद्दल सांगितल्यासारखं सांगत होती.

तेवढ्यात शाळेतून तिची पणती आली. पायल, निहारएवढीच असेल. जमनी तिला म्हणाली, ही बाई सायाळीच्या गोष्टीतली हाय. पोरीचे डोळे मोठे झाले. तिला सगळी गोष्ट येत होती! तिच्या आजीला येते, आईला येते, अर्ध्या तांड्याला येते. माझ्या तिघांना या माणसांनी कुठवर नेलंय म्हणून सांगू? अस्वलाची गिरणी आता विजेवर चालते. नाकेदार वाघाची दोनदा बदली झाली. नदी दारव्ह्याच्या बाजारात बांगड्या भरायला गेली होती, तिथं सापडली. आणि मध्ये एक कोल्हा आहे. डोळ्यांवर चष्मा, हातात वही. तो सगळ्यांना रांगेत उभं करतो आणि विचारतो, खरं कोण, खोटं कोण.

"मंग कोल्हा मुंगसाले इचारते," पायल सांगत होती, "का ही सायाळ तुही कोण लागते? तं मुंगूस म्हणते, मी हिले वळखत नाही."

जमनी कोंबड्यांकडे बघत होती.

मी पायलला विचारलं, "मग त्या मुंगसाचं पुढे काय होतं?"

"काई नाही होत. ते तिथंच बसते."

"त्याला कुणी मारत नाही? रागवत नाही?"

"कायले?" पायलला प्रश्नच कळला नाही. "सायाळ पुढं जाते नं. नदीले आणाले."

मग मी चहाची बशी खाली ठेवली आणि पायलसमोर, सुनेसमोर, दारात उभ्या नातवासमोर सांगितलं. की गोष्ट मी रचली होती. की साहेबांनी मला विचारलं आणि मी खोटं बोलले. की तुमच्या आजीला माझ्यामुळे कान धरून उभं राहावं लागलं, आणि तिला लबाड म्हणायचे तेव्हा मी त्याच वर्गात पहिल्या बाकावर बसलेली असायचे. सून पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. जमनी म्हणाली, "च्या थंडा होऊन राह्यला तुहा." मी तो प्यायले. फार गोड होता.

ईरा, निहार, आता तुम्हालाही लिहिलं. जमनी त्या दिवशी खोटं बोलली नव्हती. तिनं मला वाचवलं, आणि साहेबांनी विचारलं तेव्हाही माझं नाव घेतलं नाही. ते मीच घ्यायला हवं होतं, आणि मी घेतलं नाही. दहा वर्षांची होते म्हणून नव्हे. अकराव्या वर्षीही घेतलं नाही, चाळिसाव्या वर्षीही नाही, आणि मागच्या महिन्यात तुम्ही विचारलंत तेव्हाही नाही.

तुमची,
आजी